ऐकून झाली की परत दे

गाणं ऐन रंगात आलं होतं आणि माझ्या मागून कोणीतरी बेंबीच्या देठापासून ओरडलं, "ठमे, गॅस बंद कर!"

माझ्या हातातलं पाणी सांडलं. ठमी म्हणजे मी. वय छप्पन्न, चष्म्याच्या दुकानात काचा बसवते. त्या संध्याकाळी कानात कापूस घालून पंक गाणी ऐकायला उभी होते, कारण माझी भाची त्या बँडमध्ये ड्रम बडवते. बँडची स्वतःची गाणी नाहीत. आमच्या तरुणपणीचीच ही पोरं वाजवतात... आणि खोटं कशाला बोलू, बरी वाजवतात.

पण "गॅस बंद कर" हे शब्द त्या गाण्यात नाहीतच! ते फक्त एका कॅसेटवर आहेत, आणि ती मी केली होती. दोन टेपरेकॉर्डर समोरासमोर ठेवून, दार लावून, श्वास रोखून. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आई ओरडली, आणि तेही गाण्यात जाऊन बसलं. पुन्हा करायला वेळ नव्हता. दादाचा मित्र दाराशी खोळंबला होता. ताडमाड उंच, म्हणून सगळे त्याला शिडी म्हणायचे. दुसऱ्या दिवशी तो नोकरीसाठी परगावी निघणार होता.

"ऐकून झाली की परत दे हं," एवढंच मी म्हणाले. जे म्हणायचं होतं ते घशातच राहिलं, आणि इतकी वर्षं तिथेच ठाण मांडून बसलंय.

मी वळले. पोरांच्या धक्काबुक्कीत एक पांढऱ्या केसांची शिडी खाली वाकून चष्मा चाचपत होती.

चष्मा माझ्या पायाशी आला होता. एक दांडी वाकली होती. मी सवयीने ती सरळ केली, ओढणीने काचा पुसल्या आणि तो त्याच्या कानांवर नीट बसवला.

तो पाहतच राहिला.

"नंबर चुकलाय तुझा," मी म्हणाले. "इतका वेळ लागतो होय ओळखायला?"

"ठमे... तू खरंच वळलीस?"

"म्हणजे?"

"हे गाणं जिथे वाजतं ना, तिथे मी असाच ओरडतो. लोक म्हणतात, म्हातारा सरकलाय. पण मला वाटायचं... कधीतरी कोणीतरी वळून बघेल."

भाची ड्रमवरून मान उंचावून आमच्याकडे बघत होती. एक ठोका चुकलीसुद्धा.

"माझी कॅसेट कुठंय, चोरा?"

"घरी. तूच म्हणाली होतीस ना, ऐकून झाली की परत दे?" तो उगाचच चष्मा सारखा करू लागला. "अजून ऐकून नाही झाली."

"बायको काही म्हणत नाही?"

"असती तर म्हणाली असती. आणि तुझा नवरा?"

"असता तर गॅस त्यानेच नसता का बंद केला?"

तो हसला. तेच हसू, दातांत फट असलेलं. मग हळूच म्हणाला, "आई कशा आहेत?"

"गेली रे. दोन वर्षं झाली."

"कॅसेटवर आहेत अजून," तो म्हणाला. "फीत ताणली गेलीय, आवाज जरा घोगरा येतो. पण दरारा तोच."

मला हसू आलं आणि रडूही. त्याचा राग आला, माझाही आला. हा माणूस मला तेव्हाही हवा होता आणि आत्ताही हवा होता, अगदी तस्साच.

शेवटचं गाणं संपलं. दिवे लागले. पोरं घामेजून बाहेर पडू लागली.

"सकाळची गाडी आहे माझी," तो म्हणाला. "पोचलो की कॅसेट पाठवून देतो. आईंचा आवाज तुझ्यापाशीच हवा."

झालं! म्हणजे सगळा हिशोब चुकता, आणि पुन्हा यायचं कारण संपलं. मी कानातला कापूस काढला.

"पाठवू नकोस," मी म्हणाले. "घेऊन ये. आणि परत द्यायला नाही... माझ्याजवळ बसून ऐकायला ये. मला तू आवडतोस, शिडी. त्या दिवशी दारातच सांगायचं होतं."

त्याने चष्मा काढला, डोळे पुसले.

"दोन्ही बाजू ऐकायच्या म्हणजे... वेळ लागेल हं, ठमे."

"लागू दे की. या वेळी गॅस आधीच बंद करून बसू."