बाराव्या पाठातली आठवी ओळ

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण ज्यांच्यावर हे गुदरलं ते माझ्या बायकोचे सख्खे मामा आहेत, आणि त्यांनी मला हे मान खाली घालून सांगितलंय. उगाच कुणी स्वतःची अशी अब्रू काढत नाही.

गाव केरळात, वडकराच्या उत्तरेला. गेल्या विषूच्या, म्हणजे तिकडच्या नववर्षाच्या, आधीचा आठवडा. पहाटे पाचची वेळ.

पवित्रन मामांची कलरी म्हणजे जमिनीत खोल खणलेला, वर झावळ्यांचं छप्पर असलेला आखाडा. तिथे पुस्तक नाही. गुरुक्कळ, म्हणजे गुरुजी, एकेक ओळ म्हणणार आणि शिष्य त्या ओळीबरहुकूम काठी चालवणार. ओळी पाठ असतील तरच विद्या टिकायची. मामांना आखूड काठीचे बारा पाठ दिले अप्पूट्टी गुरुक्कळांनी.

बारावा पाठ म्हातारबुवांनी अंथरुणावरून दिला. खोकत खोकत. लिहून घेऊ द्यायचे नाहीत, लिहिलेलं अंगात उतरत नाही म्हणायचे. मामांचं नुकतंच लग्न झालेलं, लक्ष कुठलं ठिकाणावर! सात ओळी तोंडपाठ, नववीपासूनच्याही तोंडपाठ. आठवी तेवढी निसटायची.

शेवटच्या दिवशी म्हाताऱ्याने विचारलं, "पाठ झालं?"

मामा म्हणाले, "झालं, गुरुक्कळ."

तासाभरात म्हातारा गेला.

मामांनी आठव्या जागी आपली एक ओळ घुसडली. उजवा पाय मागे, काठी कमरेपाशी. तीस वर्षं तीच शिकवली. कुणाला पत्ता लागला नाही.

मग दोन वर्षांपूर्वी शिनोजचा डोळा गेला.

शिनोज रिक्षा चालवायचा. म्हातारबुवांच्या पश्चात कलरीत आलेला, पण मामांचा सगळ्यात गुणी शिष्य. आठव्या ओळीला त्याने सांगितल्याप्रमाणे काठी कमरेपाशी नेली. तोंडासमोर आड काही उरलं नाही. समोरच्याची काठी थेट उजव्या डोळ्यात.

आणि मामा सगळ्यांदेखत काय म्हणाले? "तुझं लक्ष नव्हतं."

पोराची रिक्षा सुटली, कलरीही सुटली.

तर त्या पहाटे मामा दिवा लावायला गेले. नेहमीसारखा उजवा पाय पहिल्या पायरीवर ठेवला, आणि...

आतून कुणीतरी ओळ म्हटली.

बाराव्या पाठाची पहिली ओळ. खोकत खोकत.

मग टक्. काठीवर काठी.

दुसरी ओळ. टक्.

मामा तसेच उभे. सातव्या ओळीपर्यंत सगळं नीट ऐकू आलं. आणि पुढे...

काहीच नाही. झाडावरचे किडेसुद्धा गप्प.

थोड्या वेळाने पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात.

मामांनी हिय्या करून खाली उतरून दिवा लावला. आत कुणी नव्हतं. काठ्या कोपऱ्यात जशाच्या तशा. फक्त सारवलेल्या लाल मातीवर अनवाणी पावलं उमटलेली... सात. आठवं पाऊल कुठेच नव्हतं.

हे पाच दिवस चाललं. घरात प्रसन्ना मामींना काही ऐकू येत नव्हतं. पाचव्या दिवशी चहा देताना त्या एवढंच म्हणाल्या, "अहो, झोपेत तुम्ही सारखं 'झालं, झालं' कुणाला म्हणता?"

मामा मला म्हणाले, तेव्हा लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. बायकोच्या तोंडाकडे बघवेना.

ते तसेच उठून शिनोजच्या बहिणीच्या चहाच्या टपरीवर गेले. शिनोज आता तिथेच असतो. पाच-सहा गिऱ्हाईकं बसली होती. मामांनी त्यांच्यासमोरच सांगितलं की आठवी ओळ खोटी होती, मीच बनवली होती, चूक माझी होती आणि खापर तुझ्या डोक्यावर फोडलं.

शिनोजने हातातला ग्लास खाली ठेवला.

"माहीत आहे, गुरुक्कळ."

"कसं?"

"इस्पितळात पट्टी बांधलेली होती तेव्हापासून एक म्हातारा रोज पहाटे पाठ म्हणतो. मध्ये मध्ये खोकतो. आठवी ओळसुद्धा म्हणतो."

मामा बाकावर टेकले.

"मला वाटलं, तुम्ही कधीतरी विचारायला याल," शिनोज म्हणाला. "दोन वर्षं वाट पाहिली."

मग त्याने आठवी ओळ म्हणून दाखवली. साधी, सहा शब्दांची. मामा ती घोकत घोकत घरापर्यंत आले. कलरीच्या पायरीवर उजवा पाय ठेवला...

आणि ओळ गेली. साफ पुसली गेली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारली. पुन्हा तेच. आजतागायत तेच.

आता पाठ शिनोज म्हणतो. मामा शिष्यांच्या रांगेत सगळ्यात शेवटी उभे राहतात, पासष्टाव्या वर्षी. सगळ्यांच्या काठ्या चालतात. आठव्या ओळीला मामा थबकतात. त्यांना ती ऐकूच येत नाही म्हणे.

मी म्हटलं, वय झालंय, भ्रम असेल. गेल्या महिन्यात एका पहाटे मुद्दाम जाऊन पायरीवर उभा राहिलो. सातवी ओळ झाली. शिनोजचे ओठ हलले, काठ्या वर गेल्या, आणि...

कुणीतरी खोकलं.

शिनोज नव्हता. रांगेतलंही कुणी नव्हतं. आवाज मामांच्या अगदी कानाशी होता.

मामांनी मान खाली घातली आणि हळूच म्हणाले, "नाही झालं, गुरुक्कळ."

मी तेव्हापासून तिकडे फिरकलेलो नाही.