कापराच्या डबीतला रेणू

"निमिषनं माझा रेणू मारला!" मधुवंती आत आली आणि रडायलाच लागली.

"रेणू कुणी मारतं का?" सुमंतकाकांनी चष्मा पुसत विचारलं. बँकेतून निवृत्त होऊन हे गृहस्थ गुप्तहेर विद्युल्लताबाईंचे मदतनीस झाले होते. देवा रे!

मधुवंतीनं सांगितलं. लेसरनं कार्बनच्या कांडीची वाफ करायची, गोठलेल्या आर्गॉन वायूत अडकवायची. दुसरा लेसर टाकला की अडकलेले रेणू आपापल्या रंगात चमकतात. तिच्या कांड्यांत दरवेळी एक अनोळखी हिरवी रेघ यायची. नवा रेणू! सगळा प्रबंध त्याच्यावरच.

"परीक्षकांसमोर मात्र काहीच नाही. आई तापानं पडली होती, मला उशीर झाला. कांडी माझ्या लॅबमधल्या निमिषनं बसवली. मी तक्रार केली, त्याला काढलं."

निमिष अहिल्याबाई घाटाच्या पायऱ्यांवर बसला होता. "लॅबमधलं नवं पाकीट फोडलं, कांडी लावली, बस!" तो विद्युल्लताबाईंना म्हणाला. " मी लावलेल्या कांडीत ती रेघ कधीच दिसली नाही, दीदी. आता कुठलीच लॅब घेत नाही."

"जळतो तिच्यावर. हाच चोर," काका पुटपुटले.

दुर्गाघाटाच्या गल्लीत मधुवंतीच्या आईनं, शरदिनीबाईंनी, चहा केला. "नवी वस्तू देवापुढे ठेवल्याशिवाय वापरत नाही आम्ही. पोरीची प्रत्येक कांडी मी कापराच्या डबीत ठेवते, मग ती घेऊन जाते."

विद्युल्लताबाईंनी डबी हुंगली आणि आतली कांडी मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत दोन कांड्यांची वाफ केली. पाकिटातलीनं रेघ दिलीच नाही. डबीतलीनं हिरवी रेघ दिली.

"बघा, आली!" काका ओरडले.

"येणारच," बाई म्हणाल्या. "कार्बनची कांडी सच्छिद्र असते, डबीत कापराची वाफ तिच्यात मुरते. लेसर पडला की कापूर फुटतो, त्याचे तुकडे आर्गॉनमध्ये अडकतात. रेघ त्यांची. परीक्षेच्या दिवशी आई आजारी, डबी घरीच, कांडी पाकिटातली. निमिषनं काही केलं नाही. मधुवंती, नवा रेणू कधी नव्हताच."

मधुवंती खाली बसली. "मग माझ्याकडे काहीच नाही. आणि त्याला मी चोर ठरवलं."

तिनं निमिषला फोन लावला. "माफ कर. परत ये."

"अब क्या, मधुवंती? सगळ्यांना चोर म्हणूनच ठाऊक झालोय," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

ती घरी पोचली तेव्हा आई दारातच होती, अजून अशक्त.

"परीक्षा परत होणार ना गं? बघ, आणखी एक ठेवलीय देवाजवळ."

मधुवंतीनं डबी हातात घेतली. खरं सांगायला तोंड उघडलं, मग डबीचं झाकण घट्ट लावलं.

"हो आई," ती म्हणाली.