राजवर्धनच्या टायरातली हवा

राजवर्धनचं नाक ठेचायचं, एवढ्यासाठी त्या चैत्रात मी आणि मालती सुप्याच्या माळावरून सायकली घेऊन निघालो. सांगायला ती आमच्या सायकल मंडळाची मोहीम होती. सुप्याच्या माळापासून उजनीच्या पाण्यापर्यंत जायचं, डांबरी रस्ता फक्त आडवा ओलांडायचा, बाकी सगळं रान. जो पहिला पाण्याला हात लावेल तो वर्षभर मंडळाचा म्होरक्या. माझ्या डोक्यात म्होरकेपण नव्हतं. मला सूड हवा होता.

मागच्या वर्षी याच मोहिमेत, इंदापूरच्या अलीकडच्या एका ओघळीत मालती सायकलवरून पडली आणि तिचं गळ्याजवळचं हाड मोडलं. मागून राजवर्धन आला. ‘पडून राहा, फुडं जाऊन मदत पाठवतो,’ म्हणाला आणि जो गेला तो थेट उजनीवर पहिला नंबर घ्यायला. मदत आलीच नाही. दिवस कलताना मेंढरं घेऊन चाललेल्या प्रयागबाईंनी तिला पाहिलं म्हणून ती वाचली. आणि हा गडी सावळारामतात्यांना, म्हणजे मंडळ काढणाऱ्या आमच्या वडीलधाऱ्यांना, शपथेवर सांगतो की मला मालती दिसलीच नाही! उन्हानं तिला भास झाला असेल, म्हणे. तात्यांनी त्याचं ऐकलं. तेव्हापासून तो म्होरक्या आणि मालती खोटारडी. बारामती एमआयडीसीतल्या डेअरीत दिवसभर दुधातली भेसळ पकडणारी बाई ही! ती यावर अवाक्षर काढत नसे. तिच्या वाटचा संतापही मीच करत असे.

सकाळी वारा गार होता. कुसळीचं गवत वाळून पांढरं पडलं होतं, मधूनच एखादा चिंकारा मान वर करून आमच्याकडे बघायचा आणि दोन उड्यांत खळग्यापलीकडे नाहीसा व्हायचा, आणि दूरवर वेड्या बाभळींच्या हिरव्या पट्ट्यातून राजवर्धनचा लाल शर्ट पुढे पुढे सरकत होता. त्याची सायकल भारीतली. पण ती वर्षभर भिंतीला टेकून उभी होती, हे मला पक्कं ठाऊक होतं.

कालवा ओलांडला आणि माझंच मागचं चाक जड झालं. हवा भरली, निघालो. पुन्हा जड! आमच्या टायरांत ट्यूब नसते. आत सीलंट नावाचा पांढरा चीक ओततात. भोक पडलं की तो तिथे जाऊन थिजतो आणि हवा अडवतो. पण आमच्याकडच्या उन्हात तो वाळतोही. हवा एकदम फुस्स झाली असती तर परवडलं असतं. ही चोरपावलांनी जात होती आणि लाल शर्ट दिसेनासा झाला होता. मी चाकाला लाथ घातली.

मालतीनं शांतपणे साबणाच्या पाण्याची बाटली काढली आणि चाकावर ओतली. व्हॉल्व्हच्या बुडाशी फेस आला. तिथली चकती तिनं हातानंच आवळली. पकड लावायची नाही, रबर फाटतं. फेस थांबला, पण टायरच्या कडेला दुसरीकडे बारीक बुडबुडे उठत राहिले. तिथे बाभळीचा काटा मोडून बसला होता. मी नखानं तो धरला. आमच्या गावाकडे काटा दिसला की हात आपोआप जातो. मालतीनं हातावर चापट मारली.

“काढू नकोस. सध्या तेच बूच आहे.”

व्हॉल्व्हच्या आतली सळी काढून तिनं अर्धी बाटली सीलंट आत ओतलं आणि पुन्हा हवा भरून काट्याची बाजू खाली येईल असं चाक धरून बसली. मी येरझारा घालत होते. अखेर फेस थांबला!

मग आम्ही हाणली. ऊन टाळूवर आलं. ढेकळं, नांगरट, पुन्हा माळ. आणि समोरून भुंकत आली मेंढपाळांची कुत्री! चार! नाही, पाच! पळालो असतो तर पोटऱ्या गेल्या असत्या. उतरलो. सायकली आडव्या धरल्या. पाठीला पाठ लावली. एकानं माझा बूट धरला! तेवढ्यात लांबून शीळ आली आणि ती भुतं शेपट्या हलवत परत फिरली. मी राजवर्धनच्या नावानं बोटं मोडत पुन्हा पायडल मारलं.

आणि पुढच्या ओघळीत तो सापडला. हिवराच्या तुटपुंज्या सावलीत बसलेला, ओठ पांढरेफटक, अंगाला घामाचा थेंब नाही, पोटऱ्यांत गोळे. मोबाइलला रेंज नव्हती. दोन्ही टायर बसले होते आणि उपसलेले काटे त्यानं दगडावर मांडून ठेवले होते. आतला चीक कधीच वाळून गेला होता, त्यामुळे काढलेल्या प्रत्येक काट्यामागे एक उघडं भोक. हवा भरून भरून त्याचे हात गळाले होते.

“जयवंता, पाणी हाय का?” त्यानं विचारलं.

“पडून राहा,” मी म्हणाले, “फुडं जाऊन मदत पाठवते.”

हे वाक्य मी वर्षभर आरशासमोर घोकलं होतं. तोंडात पुरणपोळी विरघळावी तसं लागलं! मी ओघळ चढून वर आले. समोर मोकळं रान, पुढे कुणी नाही. वळून पाहिलं तर मालती सायकल आडवी टाकून त्याच्या तोंडाला बाटली लावत होती.

“राजवर्धन,” ती म्हणाली, “आज तरी दिसतेय ना मी?”

त्यानं मान खाली घातली. मी तणतणत परत आले. त्याला असाच वाळू दे, म्हणून तिच्यावर ओरडलेही. तिनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत एवढा राग मी कधी पाहिला नव्हता.

“हा इथे मेला तर मी कायमची खोटी राहीन, जया. मला हा तात्यांसमोर उभा हवाय. चालता-बोलता. बस खाली, चाक धर.”

मी बसले. साबणाचं पाणी घालून एकेक भोक शोधलं. मोठ्या भोकांत टोच्यानं चिकट पट्ट्या कोंबल्या, राहिलेलं सगळं सीलंट त्याच्या दोन चाकांत गेलं. आमच्यासाठी थेंब उरला नाही. एवढं करूनही त्याचं मागचं चाक हळूहळू हवा सोडतच होतं. थोडं जावं, थांबावं, भरावं. पंप माझ्या हातात! माझ्या वैऱ्याच्या टायरात मी घाम गाळून हवा भरत होते आणि दर दट्ट्याला एक शिवी हासडत होते. आम्ही थांबलो असताना मागून आलेला आमच्याच मंडळातला ऋतिक शेजारून निघून गेला. जिंकायचं संपलं. शेवटी पाणी मागे हटलेल्या काठावर गाळ लागला. चाकं रुतली! सायकली खांद्यावर! राजवर्धन दोनदा कोसळला, दोन्ही वेळा मालतीनंच त्याला दंडाला धरून उठवलं.

उजनीच्या काठी सगळे जमले होते. ऋतिकनं कधीच पाण्याला हात लावला होता. तात्यांनी उशीर का झाला, असं विचारलं. राजवर्धननं चेन तुटली म्हणून सुरुवात केली. मालती नुसती त्याच्या शेजारी उभी राहिली, त्याला पाणी पाजून रिकामी झालेली बाटली हातात घेऊन. त्याचं वाक्य तिथेच अडलं.

“तात्या,” तो म्हणाला, “मागल्या साली मला मालती दिसली हुती. वाचवा म्हनली हुती. मी थांबलो न्हाय.”

सावळारामतात्यांनी टोपी काढली आणि मालतीला हात जोडले. “पोरी, चुकलो,” एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. मी ढसाढसा रडले.

जेवणात चिलापीचा रस्सा होता. पंगत बसली. राजवर्धनच्या दोन्ही बाजूंच्या जागा रिकाम्याच राहिल्या. त्यानं ताट उचलून झाडाकडे जायला सुरुवात केली, तर मालतीनं त्याला हाक मारून बसवलं आणि स्वतः शेजारी बसली. भाकरी घे, रस्सा घे, लाजू नको, असं सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मायेनं ती आग्रह करत होती. त्याला घास गिळवेना. उठताही येईना. तिनं त्याच्या ताटात माशाचा आणखी एक तुकडा वाढला.