शेहेचाळीस किलो जास्त

शुक्रवार, एकोणतीस ऑक्टोबर. सकाळपासून ढगाळ, वारा अजिबात नाही, पाण्यावर दुपारपर्यंत धुकं.

बेटाच्या टोकाचं ते घर हलवायचं काम मुकादमाने घेतलं, तेव्हा त्यात अवघड असं त्याला काहीच दिसलं नव्हतं. तीन खोल्या, एक माळा आणि एकटी बाई. एकोणीस वर्षं तो लोकांची घरं इकडून तिकडे नेत होता. कपाटाचा एक कोपरा बोटभर उचलला की त्याला वजन कळायचं, आणि ते दहा किलोच्या वर कधी चुकलं नव्हतं. प्रत्येक खोक्यावर तो नंबर टाकायचा आणि खाली वजन लिहायचा. हमाल त्याला काका म्हणत आणि पाठीमागे ‘चालता काटा’ म्हणत. ते त्याला ठाऊक होतं, आणि आवडायचंही.

बाई नर्स होती, चार वर्षांपूर्वी निवृत्त झालेली. मोठी बहीण आणि ती, दोघीच या घरात राहत. मोठी वैशाखात वारली. आता धाकटी पलीकडच्या काठावर भाचीकडे कायमची निघाली होती.

“दोनदा निघाले होते मी,” चहाचे कप गुंडाळता गुंडाळता ती म्हणाली. “एकदा नोकरीसाठी, एकदा लग्नासाठी. दोन्ही वेळा जेटीपर्यंत जाऊन परत आले.”

“का हो?”

“ताई नको म्हणाली.”

“आता कोण नको म्हणणार!” मुकादम हसला. “साडेतीनच्या बोटीत तुम्ही आणि तुमचे त्र्याऐंशी नग. माझ्यावर सोडा.”

त्या बोटीला फार महत्त्व होतं. त्यानंतर ती दुरुस्तीला ओढून नेणार होते आणि मार्चपर्यंत बेटावर गाडी नेणारं दुसरं काही नव्हतं. घर विकलेलं, नवा मालक संध्याकाळी भाचीकडे किल्ली घ्यायला येणार. बाई पुन्हा पुन्हा म्हणत होती, “आज राहिले तर राहिलेच.”

दोन वाजता घर रिकामं झालं. रिकामं घर मोठं वाटतं हे मुकादमाला नवं नव्हतं. इथे मात्र आतल्या खोलीत बामाचा वास होता, ताजा, आत्ताच कोणी कपाळाला लावावा तसा. बामाची बाटली तर त्याने स्वतः सकाळी खोका नंबर एकोणतीसमध्ये भरली होती. खिडकी उघडी राहिली असेल म्हणून पाहिली. बंद होती.

मग त्याने नेहमीचं केलं. कुलूप लावण्याआधी तो उंबऱ्यावर उभा राहून आत मोठ्याने हाक द्यायचा, म्हणजे माळ्यावर डुलकी काढणारा एखादा हमाल मागे राहू नये.

“कोणी राहिलंय का आत? राहिलं असेल तर चला, गाडीत बसा!”

दोन्ही हमाल आणि ड्रायव्हर त्याच्या पाठीशी, अंगणातच उभे होते. त्याने कुलूप घातलं.

जेटीवर बोटीत चढण्याआधी प्रत्येक गाडी काट्यावर घ्यावी लागे. जमिनीत बसवलेला लोखंडी चौथरा, शेजारी काचेची केबिन आणि वर लाल आकड्यांची पाटी. मर्यादा ५,५०० किलो. केबिनमधली काटेवाली मुकादमाच्या ओळखीची होती.

“काय काका, आज किती सांगताय?”

“रिकामी गाडी बत्तीसशे दहा. सामान बावीसशे सत्तर. पाच हजार चारशे ऐंशी, घे लिहून.”

माणसं खाली उतरली. पाटीवर आकडे धावले आणि थांबले. ५,५२६.

“अगंबाई,” काटेवाली म्हणाली, “काकांचा काटा बिघडला! शेहेचाळीस जास्त.”

एक हमाल खुदकन हसला. मुकादमाचे कान तापले.

“लोखंडी ट्रंक उतरवा. नंबर सात, बासष्ट किलो.”

ट्रंक उतरली. ५,५२६.

“तुझा आकडा अडकलाय.”

काटेवाली स्वतः येऊन चौथऱ्यावर उभी राहिली. ५,५८१. उतरली. ५,५२६.

“अडकला असता तर माझं वजन कशाला सांगितलं असतं? आणि वाचू नका मोठ्याने.”

पुस्तकांची दोन पोती उतरली, प्रत्येकी चाळीस किलो. पोतं खाली टेकलं की गाडीच्या मागच्या चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे कुरकुरायचे आणि गाडी जराशी खाली बसायची. वर नाही, खाली. सामान उतरत होतं आणि गाडी दबत होती. पाटीवर ५,५२६. हमालांचं हसणं केव्हाच थांबलं होतं. गाडीच्या उघड्या दारातून बामाचा वास येत होता.

तीन वाजून पाच मिनिटं झाली होती.

“किती जास्त म्हणालात... पहिल्यांदा?” बाईने विचारलं.

“शेहेचाळीस.”

ती ट्रंकेवर बसली. “आजारात दर सोमवारी मी ताईचं वजन घ्यायचे. अठ्ठावन्नवरून उतरत आलं. शेवटच्या सोमवारी... शेहेचाळीस.”

पाणी जेटीच्या खांबांना चुळुकचुळुक करत होतं.

“ती पाण्यावर कधी यायची नाही,” बाई हळूच म्हणाली. “मला अडवायला मात्र इथवर यायची. पण आज गाडीत कशी... कोणी बोलावल्याशिवाय ती कोणाच्या गाडीत पाय टाकायची नाही हो.”

उंबऱ्यावरची आपलीच हाक मुकादमाच्या कानात वाजली. क्षणभर त्याला वाटलं, गप्प बसावं. पण काम त्याचं होतं आणि चूकही त्याचीच. तो सरळ गाडीच्या मागच्या दाराशी गेला.

“ताई,” त्याने आतल्या अंधाराला सांगितलं, “मी हाक मारली ती माझ्या माणसांना. माझी चूक झाली. सामानात माणूस नेत नाही आम्ही. उतरा.”

पाटे कुरकुरले. ५,५३०.

“तुमचं नाही ऐकायची ती,” बाई म्हणाली. पदर सावरत ती पुढे आली आणि हात जोडल्यासारखे करून म्हणाली, “ताई... जाऊ का गं मी? जाऊ दे ना.”

५,५४१.

बाईचे खांदे पडले. “मी परत जाते. किल्ली द्या.”

“बाई, थांबा.” मुकादमाने किल्लीवर मूठ घट्ट केली. “आम्ही कपाट उचलतो तेव्हा एकच माणूस बोलतो. ‘उचलू का?’ असं तो विचारत नाही. विचारलं की चौघांचे चार विचार होतात आणि कपाट पायावर येतं. तो म्हणतो, ‘उचल.’ तुम्ही जन्मभर विचारत आलात. आता सांगा.”

रात्रपाळीत वॉर्डात रेंगाळणाऱ्या नातेवाइकांना बाहेर काढताना जो आवाज बाईने हजारदा लावला असेल, तो तिला आधी सापडेना. मग सापडला.

“ताई, मी चालले. तू यायचं नाहीस. उतर.”

पाटे हळूहळू वर आले, एखादं माणूस कठड्याला धरून पायरी उतरावं तसे, आधी एका बाजूने, मग दुसऱ्या. वास गेला. पाटीवर आकडे धावले. ५,३३८.

मुकादमाने मनात बेरीज केली आणि एक श्वास सोडला. “चढवा परत. ट्रंक, मग पोती.”

सगळं चढल्यावर पाटीवर ५,४८० आलं. काटेवालीने पावती फाडली, त्याला दिली, आणि या वेळी थट्टा केली नाही.

गाडी चौथऱ्यावरून खाली आली, बोटीच्या फळीवर चढली. भोंगा वाजला. मुकादम शेवटचा चढणार तोच केबिनमधून दबका आवाज आला.

“काका... काट्यावर कोणी उभं आहे का?”

त्याने मागे पाहिलं. चौथरा मोकळा होता. पाटीवर ४६ होतं. काटेवालीने शून्याचं बटण दाबलं. शून्य झालं. मग पुन्हा ४६.

“मुख्य स्विच बंद कर आणि घरी जा,” तो म्हणाला. “बाईंना सांगू नकोस.”

बाई बोटीच्या पुढच्या कठड्याशी उभी होती. तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

साडेपाच वाजता भाचीच्या घरी त्र्याऐंशी नग उतरले. एकही फुटला नाही.

तीन मार्चला बोट पुन्हा सुरू झाली. सकाळी नऊ वाजता वजनमापांचा तपासनीस जेटीवर आला. त्याने काटेवालीसमोर मुख्य स्विच चालू केला आणि वीस किलोची प्रमाणित वजनं एकेक करून चौथऱ्यावर ठेवली. प्रत्येक वजनाला आकडा वीसनेच वाढला. काटा बरोबर असल्याचा दाखला त्याने लिहून दिला. सगळी वजनं उतरवून घेतल्यावर रिकाम्या चौथऱ्याचा आकडा ४१ होता, ऑक्टोबरपेक्षा पाच किलोने कमी.