खांद्यावरचा हात

“वहिनी, आज बाबांच्या मागे उभं राहायचं नाही!”

धाकट्या दिराचा आवाज चढलेला नव्हता. पण इतका कोरडा होता, की नाडी दाखवायला आलेल्या शिंप्याच्या मनगटाला यंत्राचा पट्टा बांधून नेहमीप्रमाणे सासऱ्यांच्या मागे निघालेली ती जागीच थबकली. गादीवर सासरे, म्हणजे सगळ्यांचे वैद्यबुवा, मान खाली घालून बसले होते. समोर उशीवर शिंप्याचा उताणा हात, आणि शेजारी दिराने रुग्णालयातून आणलेलं ते नवं यंत्र... तो पट्टा, एक वायर, छोटासा पडदा. वैद्यबुवांनी नाडी पाहून बोलायचं, यंत्राने त्याच वेळी ती टिपायची. अशा पुष्कळ नाड्या जमल्या, की जिथे वैद्य नाही तिथेही हे यंत्र वैद्यासारखं सांगू शकेल, असं दिराचं म्हणणं होतं. डॉक्टर झालेला मुलगा बापाची विद्या मोडीत काढत नव्हता, जपून ठेवायला निघाला होता! वैद्यबुवांना नाही म्हणता आलं नाही.

आणि तिला तर काहीच बोलता येत नव्हतं.

कारण वैद्यबुवांच्या बोटांना काही कळतच नव्हतं. तिचा नवरा वारला त्याच्या पुढच्या वर्षी मधुमेहाने त्यांच्या बोटांच्या टोकांतली जाणीव गेली. धाकटा तेव्हा परगावी शिकत होता. एका दुपारी दवाखाना रिकामा असताना त्यांनी दोन्ही हात तिच्यापुढे धरले होते... “मुली, मला कुणाचंच काही लागत नाही गं!” माहेरचे तिला न्यायला यायचे होते, त्यांनी दुसरं स्थळही पाहून ठेवलं होतं. तिने नको म्हणून कळवलं आणि सासऱ्यांपाशी नाडी शिकायला बसली.

तेव्हापासून रोग्याचा हात उशीवर नीट ठेवण्याच्या निमित्ताने नाडी ती पाहायची आणि मग सासऱ्यांच्या मागे जाऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवायची. बोटं भराभर दाबली, तर नाडी वेगाची. सावकाश दाबली, तर मंद. मध्येच थांबली, तर अडखळती. वैद्यबुवा डोळे मिटून बोलायचे. लोक म्हणायचे, सून असावी तर अशी, म्हाताऱ्याला कसा आधार देऊन उभी असते! पाय भरून यायचे तिचे; पण त्याहून जास्त ती शाबासकी थकवायची. कधी तिचंही चुकायचं, कधी शंका यायची; आणि ‘कळत नाही’ अशी खूण तर त्या दोघांनी ठरवलीच नव्हती.

“बघा वैद्यबुवा एकदाची,” शिंपी म्हणाला. “आमची ही म्हणते, तुमचा सगळा जीव पायजम्याच्या नाडीत, हातातली कोण बघतंय!”

कुणी हसलं नाही. वैद्यबुवांनी डोळे मिटले, मनगटावर तीन बोटं टेकवली. त्यांचा खांदा किंचित मागे झुकला, सवयीने... आणि तिथे कुणी नव्हतं.

“मंद आहे,” ते म्हणाले. “संथ. एकसारखी.”

पडद्यावरची रेघ तर चार पावलं चालून ठेचकाळत होती, पुन्हा उठत होती. दिराने पडद्याकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं.

“बाबा, पुन्हा एकदा पाहा ना.”

“सांगितलं ना, एकसारखी!”

पट्टा बांधताना तिच्या बोटांना तो ठोका चुकलेला लागला होता. आता हे खोटं यंत्रात जाणार, आणि कुठल्या कुठल्या अनोळखी माणसांना ते यंत्र सांगत राहणार, की सगळं ठीक आहे... तोंड उघडावं, तर सासऱ्यांची उभ्या जन्माची अब्रू जाणार! तिने पुढे होऊन वायर उपसली.

“बंद करा हे! मला नको हे यंत्र या घरात!”

“मला वाटलंच होतं,” दीर सावकाश म्हणाला. “यंत्र आलं की तुझं महत्त्व जाईल, नाही का? बाबांना मुठीत ठेवलंयस तू, वहिनी. इतकी वर्षं.”

“हो,” ती म्हणाली. “तसंच समजा, भाऊजी.”

“म्हणजे कबूल आहे तुला?”

“आहे. मी जाते माहेरी. पण हे करू नका.”

शब्द तिच्याच कानांना परके वाटले. तिथे आता भावाचा संसार होता. तिच्यासाठी दार कोण उघडणार होतं!

“थांब!”

वैद्यबुवा वाकले. शिंप्याच्या कॉलरला सुई टोचलेली होती. ती दोनदा निसटली, मग त्यांनी कशीबशी उपसली आणि आपल्या तर्जनीत खुपसली. रक्ताचा टपोरा थेंब वर आला. त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

“दुखत नाही रे,” ते मुलाला म्हणाले. “काही लागत नाही. तू परगावी शिकत होतास ना, तेव्हापासून हा दवाखाना हिच्या हातांवर चाललाय. मी नुसता बोलका बाहुला!”

 रोज रुग्णालयात परक्यांचे हात हातात घेणाऱ्या दिराने बापाचा हात मात्र कधी तपासला नव्हता.

“वहिनी... मला का नाही सांगितलंस?”

“सांगून काय राहिलं असतं यांच्याकडे?”

“आणि मी आत्ता तुला काय काय बोललो!”

“राहू द्या हो. दमलेय मी, भाऊजी. रडायचंही त्राण नाही.”

“तुमचं घरचं चालू द्या,” शिंपी हळूच म्हणाला, “पण माझं काही वाईट आहे का, तेवढं सांगाल?”

दिराने वायर पुन्हा जोडली. “वहिनी, तू पाहा. मोठ्याने सांग.”

ती गादीच्या कडेला टेकली. मनगटावर बोटं ठेवली, बराच वेळ ठेवली.

“ठोका मध्येच चुकतोय,” ती म्हणाली. “का चुकतोय... ते मला कळत नाही.”

“मलाही अजून नाही,” दीर म्हणाला. “हृदयाची तपासणी करू. तुम्ही आजच माझ्याबरोबर चला. आणि वहिनी, तू म्हणालीस ना, कळत नाही, तेही यंत्रात जाऊ दे. जसंच्या तसं.”

वैद्यबुवांनी भिंतीला डोकं टेकलं आणि डोळे मिटून घेतले. बोटातून अजून रक्त येत होतं. दिराने कापूस घेतला, त्यांचा हात मांडीवर ओढला आणि पट्टी गुंडाळू लागला.

“बांधलंस का गं, मुली?” त्यांनी विचारलं.

“मी आहे, बाबा,” मुलगा म्हणाला. “बांधतोय.”