दारावर डकवलेली नोटीस

विहिरीच्या कडेला लाल खुंट्या ठोकलेल्या दिसल्या, तेव्हा कुठे काकूंना कळलं की वीज कंपनीचा मनोरा आपल्याच विहिरीवर उभा राहणार आहे. हरकत घ्यायची मुदत तोवर सरली होती.

काकूंच्या तक्रारीवरून चौकशीला आलेल्या अधिकारी बाई थकल्या होत्या. अशी कितीतरी अंगणं त्यांनी तुडवली होती. वेल कोरलेलं निळं दार नुसतं लोटलेलं, वाऱ्याने उघडू नये म्हणून खाली दगड. आत खाटेवर काका, अर्धं अंग लुळं पडलेले, वर्षानुवर्षं.

"नोटीस मिळाली नाही?"

"कागदाचा कपटा नाही, बाई. आणि मी घर सोडून जाते कुठे? यांना पाणी पाजायलाही माणूस लागतं."

कंपनीच्या माणसाने फोनवरचा फोटो दाखवला. "घरात कुणी नव्हतं, म्हणून दारावर डकवली. नियमात बसतं ते."

तेच निळं दार, तीच कोरलेली वेल. कडीला कुलूप, वर नोटीस.

"वहिनी विसरल्या असतील," कुंपणापलीकडचे दीर हळुवार म्हणाले. सकाळपासून चहापाणी तेच बघत होते. "दादाच्या आजारपणात डोकं ठिकाणावर राहतं का? मला कळलं असतं तर मीच वाचून दाखवली असती."

कंपनीच्या माणसाने त्यांच्याकडे एकदा पाहिलं. फोन खिशात टाकला.

बाईंनी दारावरून सावकाश हात फिरवला.

"काकू, कुलूप कुठे लावता?"

"यांना आत कोंडून? बाहेरून कडीच नाही या दाराला."

"असं दुसरं दार आहे कुठे?"

"भावजींचं. सासऱ्यांनी एकाच झाडाची दोन करून घेतली, दोघा मुलांना. त्यांचं आता अवजारांच्या खोलीला आहे, मागच्या रस्त्यावर."

दीर उठले. "चहाचं बघतो."

"बसा. चहा पुष्कळ झाला."

बाई मागे जाऊन आल्या. तळहातावर कागदाचा खळ लागलेला कोपरा होता.

"वेलीच्या खाचेत अडकला होता. वर कडी, कुलूप, सगळं फोटोतलं." त्या कंपनीच्या माणसाकडे वळल्या. "ते दार कुणी दाखवलं?"

"यांनीच. म्हणाले, वहिनी परगावी आहेत."

"मघाशी बोलला नाहीत?"

"कुणी विचारलंच नाही."

बाईंनी उसासा टाकला. "विहिरीची जागा रद्द झाली असती, तर मनोरा कुंपणापलीकडे गेला असता. तुमच्या नव्या बागेत, भाऊ. मुदत सरेपर्यंत वहिनींना कळू नये, एवढंच तुम्हाला हवं होतं."

दीर मान खाली घालून म्हणाले, "बाग पोरासारखी वाढवली, वहिनी."

"विहीर खणताना माती तुम्हीच वाहिली होती, भावजी," काकू म्हणाल्या. आवाज चढला नाही.

बाईंनी बॅग उचलली. "नोटीस नव्याने निघेल. मुदतही नव्याने."

"म्हणजे मनोरा येणार नाही?"

"येईलही, काकू. पण तुम्हाला विचारल्याशिवाय नाही."

आतून काकांनी पाण्यासाठी हाक मारली.

"विचारू देत मग," काकू म्हणाल्या. आत गेल्या, आणि दार लोटून घेतलं नाही. दगड पायाने बाजूला सारला, दार सताड उघडं ठेवलं.