रिपोर्ट यायच्या आधी

“पन्नाशी पूर्ण झाली आहे का?” वर न बघताच मी विचारलं.

“दिसत नाही का?”

मी मान वर केली. समोर तिशीही न गाठलेला एक मुलगा, गळ्यात कारखान्याचा पास, बाही वर करून ऐटीत बसला होता... आणि हसत होता. बरखेडा या कारखान्याच्या वसाहतीतल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये आम्ही रक्ताचे नमुने घेत होतो, आणि आम्हाला पन्नाशीपुढची धडधाकट माणसं हवी होती. मी त्याला तसं सांगितलं.

“मग उद्या आईला घेऊन येतो,” तो म्हणाला. “पण तुम्ही असाल ना उद्या? पक्कं?”

असं बोलणाऱ्या मुलांचा मला राग येतो. त्या दिवशी नाही आला.

जयंत दुसऱ्या दिवशी खरंच आईला घेऊन आला. वसुधाकाकू मटार सोलायचे सोडून आल्या होत्या, आणि ते त्यांनी मला पुन्हा पुन्हा ऐकवलं. त्यांना वाटलं होतं, हे डायबिटीसचं शिबिर आहे. मग मी समजावून सांगितलं, की रोगांशी लढणाऱ्या अँटीबॉडी आपल्या रक्तात असतात आणि त्यांना साखरेच्या बारीक साखळ्या चिकटलेल्या असतात. रक्ताच्या एका कॅन्सरमध्ये एकच अँटीबॉडी भरमसाट वाढते आणि तिच्यावरच्या साखळ्याही बदललेल्या दिसतात. त्या बदलावरून आजाराची चाहूल आधीच लागेल का, हे आम्ही शोधत होतो. तुलनेसाठी निरोगी माणसं हवी होती.

“मला काही झालेलं नाही,” म्हणत काकूंनी हात पुढे केला.

त्यानंतर बिट्टन मार्केटच्या हाटात, म्हणजे आठवडी भाजीबाजारात, जयंत मला ‘सहज’ भेटू लागला. तो इंदूरकडचा, आमचं घर मूळ नागपूरचं. तुम्ही नागपूरवाले एवढे सीरियस का असता, असं तो विचारायचा, आणि इंदूरच्या लोकांना गप्प बसायला कुणी शिकवत नाही का, असं मी विचारायचे. एकदा माझी भाजीची पिशवी घेताना त्याची बोटं माझ्या बोटांवर आली. त्याने ती काढली नाहीत... मीही नाही.

आणि मग एका ‘निरोगी’ नमुन्याच्या तपासणीत नको तो गडद पट्टा दिसला, एकच अँटीबॉडी वाढल्याची खूण. बाटल्यांवर फक्त नंबर होते. हे ओळखीचं कुणी नसू दे, असं मी मनात म्हटलं आणि लगेच स्वतःची लाज वाटली. कुणाचं तरी ते असणारच होतं. आमच्या प्रकल्पाच्या डॉक्टरांनी नावं उघडली. वसुधाकाकू.

डॉक्टरांनी दोघांना बोलावून नीट सांगितलं, की हा कॅन्सर नाही. बऱ्याच जणांचं यापुढे काहीच होत नाही, थोड्यांना मात्र पुढे कॅन्सर होतो. म्हणून अधूनमधून तपासत राहायचं. बाहेर आल्यावर जयंतने मला गाठलं.

“तुझ्या त्या साखळ्या काय म्हणतात?” पहिल्यांदाच तो मला ‘तू’ म्हणाला होता.

“बदलल्या आहेत. पण त्याचा अर्थ काय, ते अजून कुणालाच नक्की सांगता येत नाही.”

“होणार की नाही, एवढं तरी सांग.”

काही होणार नाही, असं मला म्हणायचं होतं. फार म्हणायचं होतं.

“माहीत नाही, जयंत.”

तो निघून गेला. फोन नाही, हाटात दिसणं नाही. माझा जीव टांगणीला लागला होता, काकूंसाठी... आणि खरं सांगायचं तर त्याच्यासाठीही.

शेवटी काकूंनीच फोन केला. पोरगा धड जेवत नाही, म्हणाल्या. ‘एका मुलीला बघायला म्हणून मी तुला तिथे नेलं आणि हे मागे लावून घेतलं,’ असं मला म्हणतो. माझं ऐकत नाही, सोमवारी दुसऱ्या तपासणीचा रिपोर्ट आहे, तर तूच ये आणि त्याला समजाव.

मी हॉस्पिटलात पोचले तेव्हा काकू मुद्दाम चहाला निघून गेल्या. बाकावर जयंत एकटाच होता. गाल बसले होते त्याचे.

“तुझ्याकडे पाहिलं की मला तो पट्टा दिसतो,” तो म्हणाला.

“मलाही. पण तू त्यांना आणलं नसतंस, तरी तो रक्तात होताच. फक्त आपल्याला कळलं नसतं.”

त्याने रिपोर्टच्या खिडकीकडे पाहिलं. खिडकीतून एकेकाचं नाव पुकारलं जात होतं.

“आज रिपोर्ट चांगला आला, तर तुला एक विचारायचं होतं.”

“आणि नाही आला तर?”

“तर... कसं विचारणार, यार? अशा घरात कुणाला ये म्हणायचं?”

आता मात्र मला त्याचा मनापासून राग आला.

“मग आत्ता विचार. रिपोर्ट यायच्या आधी.”

त्याने माझ्याकडे बघितलं. कित्येक दिवसांनी नीट बघितलं.

“सुचेता... लग्न करशील माझ्याशी?”

“करीन.”

खिडकीतून काकूंचं नाव पुकारलं गेलं. त्याने माझा हात धरला. आम्ही उठलो आणि रिपोर्ट घ्यायला गेलो.